‘फक्त’ सक्तमजुरीची छावणी? प्वाशुफला जाण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मे महिन्यात सहकुटुंब पोलंडला जाताय, क्राकुफमध्ये तीन दिवस आहेत. ऑशविट्झ पाहणारच आहात, पण शिंडलर या ज्यूंना वाचवणाऱ्या जर्मन कारखानदारावरचा सिनेमा पाहिल्यापासून प्वाशुफची नाझी छावणीही मनात आहे. नकाशावर मात्र नुसतं गवताळ माळरान दिसतंय, तर जाण्यात अर्थ आहे का? अकरा वर्षांच्या मुलाला न्यावं का? आणि शेवटी घरातला वाद. सासऱ्यांचं म्हणणं, ती ‘फक्त’ मजुरांची छावणी होती; ऐन युद्धात हाताशी असलेले मजूर कोण कशाला मारेल?

मी गेली चौदा वर्षं क्राकुफमध्ये राहतो आणि त्यातली अकरा वर्षं पाहुण्यांचे गट घेऊन या भागात हिंडतो. माझ्या मते तुमच्या प्रश्नांतला खरा प्रश्न सासऱ्यांचाच आहे. तो सुटला की त्या माळरानावर काय पाहायचं ते समजतं. तो न सोडवता गेलात तर अर्ध्या तासात ‘इथे काहीच नाही’ म्हणत परत याल. असे परत आलेले पुष्कळ पाहिलेत. म्हणून आधी तो घेतो.

त्याच्याही आधी नावाचा घोळ. पोलिश लोक ‘प्वाशुफ’ म्हणतात. मराठीत प्लाशोव, प्लाझोव असं काहीही वाचायला मिळतं. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘प्वाशुफ’ सांगितलंत तर तो त्या नावाच्या रेल्वे स्टेशनवर सोडेल, आणि तिथून छावणीची जागा चांगलीच लांब पडते. येरोझोलिमस्का रस्ता सांगा.

जर्मन कागदांत या जागेचं नाव होतं ‘ज्यूंसाठी सक्तमजुरीची छावणी’. भाषांतर बरोबर आहे, पण आपल्या कानाला ते फसवतं. सक्तमजुरी म्हटलं की आपल्याला कोर्ट आठवतं: अमुक कलमाखाली तीन वर्षं सक्तमजुरी. म्हणजे गुन्हा आहे, निकाल आहे, मुख्य म्हणजे मुदत आहे. तीन वर्षं भरली की माणूस फाटकाबाहेर. प्वाशुफमध्ये यातलं काहीच नव्हतं. वेठबिगारी म्हणावं तर तेही पुरत नाही, कारण वेठीला धरणाऱ्याला तो माणूस उद्याही जिवंत हवा असतो. इथे मुदत होती ती उलटी. काम आहे तोवर जगायची मुदत, आणि ती कधी संपणार हे दुसरंच कोणी ठरवणार.

हा शब्दांचा खेळ नाही, तसं लिहून ठेवलेलं आहे. पोलंड जिंकल्यावर दोन महिन्यांच्या आत, २६ ऑक्टोबर १९३९ ला, हान्स फ्रांकच्या सरकारने ज्यूंवर सक्तीच्या कामाचा हुकूम काढला. हा फ्रांक जर्मनांनी व्यापलेल्या पोलंडच्या मधल्या प्रांताचा गव्हर्नर, क्राकुफच्याच वावेल किल्ल्यात राहत होता. तोवर रस्ते झाडणं, बर्फ उपसणं, रूळ टाकणं असं चाललं होतं. पण १९ जुलै १९४२ ला एसएसचा, म्हणजे छावण्या चालवणाऱ्या नाझी सशस्त्र संघटनेचा, प्रमुख हिमलर याने आदेश दिला की त्या संपूर्ण प्रांतातल्या ज्यूंचं ‘स्थलांतर’ ३१ डिसेंबरपर्यंत पुरं झालं पाहिजे. स्थलांतर म्हणजे गॅस चेंबर. अपवाद फक्त पाच शहरांतल्या छावण्यांचा: वॉर्सा, क्राकुफ, चेन्स्तोहोवा, राडोम आणि लुब्लिन. सैन्याने आरडाओरडा केला की आमचे कामगार जातायत, तेव्हा ९ ऑक्टोबर १९४२ ला हिमलरने आणखी एक आदेश काढला. कारागिरांना काही मोजक्या छावण्यांत गोळा करा, त्यांच्या जागी हळूहळू पोलिश माणसं आणा. आणि या छावण्यांतूनही ज्यूंनी एक दिवस नाहीसं व्हायचं आहे, फ्यूररची, म्हणजे हिटलरची, तशी इच्छा आहे. प्वाशुफचं बांधकाम सुरू झालं ते याच सुमारास, १९४२ च्या शरद ऋतूत. छावणीचा जन्म आणि तिचा शेवट दोन्ही एकाच कागदावर आहेत.

सासऱ्यांचा तर्क अडतो तो इथे. ज्याला मजूर हवा आहे आणि ज्याच्या ताब्यात मजूर आहे, ते दोघे एकच आहेत असं ते धरून चालतात. तसं नव्हतं. सैन्याला गणवेश हवे होते, कारखानदारांना हात हवे होते, पण माणसं एसएसच्या मालकीची. कारखानदार दिवसाला पुरुषामागे ५ झ्लॉटी आणि बाईमागे ४ झ्लॉटी एसएसच्या खात्यात भरत. राबणाऱ्याच्या हातात दमडी पडत नसे. आता साध्या व्यवहाराने बघा. आपल्याकडे कंत्राटदाराचा मजूर आजारी पडला तर निदान त्याची उचल तरी बुडते. इथे उचल नाही, मजुरी नाही, औषधपाणी नाही, आणि मेलेल्याच्या जागी दुसरा फुकट. ‘मजूर मौल्यवान असतो’ हे वाक्य खरं व्हायला मजुराची काहीतरी किंमत पडावी लागते.

एक उदाहरण मी प्रत्येक गटाला सांगतो. डियाना राइटर ही क्राकुफमधल्या पहिल्या स्त्री वास्तुविशारदांपैकी एक. छावणीत तिला बराकींच्या बांधकामावर लावलं होतं. घाईगर्दीत उठवलेल्या बराकी, ओली जमीन, आणि बांधकामात दोष निघाला म्हणून १९४३ मध्ये तिलाच गोळी घातली. छावणी बांधायची घाई आहे, हाताशी शिकलेली आर्किटेक्ट आहे, आणि तिलाच मारलं जातं. सासऱ्यांना हे सांगून पाहा.

ज्या जमिनीवर ही घाई चालली होती तीही साधी नव्हती. ती ज्यूंची दोन कब्रस्तानं होती, एक पोदगुजे भागातल्या समाजाचं जुनं आणि एक क्राकुफच्या समाजाचं नवं. कैद्यांना आपल्याच माणसांची थडगी उखडायला लावली आणि त्या दगडांनी छावणीतला रस्ता फरसबंद केला. इथे राबणाऱ्या कितीतरी जणांचे आईवडील, आजीआजोबा त्याच मातीत होते. सुरुवातीला जागा दहा हेक्टरच्या आसपास होती, पुढे ऐंशी हेक्टर झाली. आपल्या हिशेबाने दोनशे एकराच्या घरात.

युद्धापूर्वी क्राकुफमध्ये साधारण साठ हजार ज्यू होते. बहुतेकांना आधीच शहराबाहेर हाकललं, उरलेल्यांतल्या पंधरा हजारांच्या आसपास लोकांना मार्च १९४१ मध्ये पोदगुजेतल्या घेट्टोत, म्हणजे भिंत घालून बंद केलेल्या वस्तीत, कोंबलं. जून आणि ऑक्टोबर १९४२ मध्ये तिथून गाड्या भरभरून बेउझेत्सच्या मृत्युछावणीला गेल्या. फेब्रुवारी १९४३ मध्ये आमोन गोथ हा एसएस अधिकारी प्वाशुफचा प्रमुख म्हणून आला, आणि १३ व १४ मार्चला घेट्टो रिकामा केला. कामाचे ठरलेले आठेक हजार लोक चालवत छावणीत आणले, दोनेक हजारांना रस्त्यांवर, घरांत, इस्पितळात मारलं, बाकीचे ऑशविट्झला. त्या दिवशी ‘कामाचा’ असणं म्हणजे काय हे यावरून लक्षात येईल. लोकांनी मुलांची वयं वाढवून सांगितली, पांढरे केस काळे केले.

छावणीत शिंपीकामाच्या, चांभारकामाच्या, ब्रश बनवण्याच्या कार्यशाळा होत्या, छापखाना होता. बाहेर केबलचा कारखाना, वीटभट्टी, रेल्वेची कामं. सर्वांत वाईट काम दगडखाणीचं. खाणीतून दगड भरलेल्या ट्रॉल्या रुळांवरून चढणीला ओढायच्या, आणि त्या ओढायला बायका जुंपलेल्या, दोन्ही बाजूंनी दोराला. जुंपलेल्या हा शब्द मी मुद्दाम वापरतोय.

मारण्यासाठी ठरावीक जागा होत्या, त्यात टेकाडावरचा एक जुना लष्करी खंदक मुख्य. पण गोथच्या काळात जागा ठरलेली असायचीच असं नाही. कामावर उशीर, टोळीतलं कोणी पळालं, खिशात पावाचा तुकडा सापडला, किंवा काहीच नाही. १९४६ मध्ये क्राकुफमध्येच त्याच्यावर खटला चालला, तेव्हा आरोपपत्रात एकट्या प्वाशुफमधल्या सुमारे आठ हजार मृत्यूंचा ठपका होता. १३ सप्टेंबर १९४६ ला त्याला फाशी दिली.

आता सासऱ्यांच्या बाजूनेही बोलतो, कारण त्यांच्या म्हणण्यात अगदीच तथ्य नाही असं नाही. कामाने काही माणसं वाचली. पण कशी वाचली ते पाहिलं पाहिजे. १९४३ च्या ऑगस्टमध्ये ट्रेब्लिंका आणि ऑक्टोबरमध्ये सोबिबोर या मृत्युछावण्यांत कैद्यांनी उठाव केला. त्यावर हिमलरचं उत्तर आलं ३ आणि ४ नोव्हेंबरला. लुब्लिन भागातल्या मायदानेक, त्राव्निकी आणि पोन्यातोवा या छावण्यांत दोन दिवसांत बेचाळीस हजारांच्या वर ज्यूंना गोळ्या घालून मारलं. हे कोण होते? मजूर. त्राव्निकी आणि पोन्यातोवा या नावाने आणि कामाने श्रमछावण्याच होत्या. तिथली शिलाई यंत्रं सकाळी चालू होती म्हणा, संध्याकाळी चालवायला माणूस नव्हता. कपडे शिवून घेणाऱ्या कंपन्यांना कोणी विचारलंही नाही.

प्वाशुफ यातून सुटली, आणि जानेवारी १९४४ मध्ये तिचा दर्जा बदलला. तोवर ती क्राकुफच्या स्थानिक एसएस आणि पोलिस प्रमुखाच्या अखत्यारीत होती. आता बर्लिनच्या कार्यालयाखालची अधिकृत ‘कॉन्सन्ट्रेशन कॅम्प’ झाली. नाव ऐकून वाटेल की परिस्थिती आणखी बिघडली. प्रत्यक्षात मनाला येईल तेव्हा गोळी घालण्यावर कागदोपत्री बंधनं आली, शिक्षेसाठी वरची मंजुरी लागू लागली, आणि तसं मारणं कमी झालं असं वाचलेल्या अनेकांनी सांगितलं आहे. म्हणून ‘श्रमछावणी सौम्य, कॉन्सन्ट्रेशन कॅम्प भयंकर’ हा आपल्या डोक्यातला जिना इथे चालत नाही. नुसत्या पाटीवरून काही ठरत नाही. छावणी कोणाच्या हाताखाली, कुठला महिना, कुठली टोळी, यावर सगळं अवलंबून होतं.

आणि बंधनं आली म्हणून हेतू बदलला नव्हता. मे १९४४ मध्ये हंगेरीतून ज्यूंच्या गाड्या येणार होत्या, छावणीत जागा हवी होती. सगळ्यांना उघडं करून डॉक्टरांपुढून पळवलं, नोंदी केल्या, आणि १४ मे ला हजेरीच्या मैदानावर नावं पुकारली. आजारी, म्हातारे आणि मुलं, मिळून साधारण चौदाशे जण ऑशविट्झला पाठवले. मुलांच्या गाड्या निघाल्या तेव्हा भोंग्यांवर गाणी लावली होती, असं त्या मैदानावर उभ्या असलेल्या आयांनी पुढे सांगितलं. त्यानंतरच्या आठवड्यांत छावणीत वीस हजारांहून जास्त माणसं होती.

तेव्हा सासऱ्यांना एवढंच सांगा: मजूर हवे होते हे बरोबर, पण मजुरी हे कारण नव्हतं, ती सवलत होती, आणि सवलत देणाऱ्याने ती काढून घ्यायची तारीख स्वतःकडे ठेवली होती.

शिंडलरचं काम याच फटीत चाललं. त्याचा भांड्यांचा कारखाना लिपोवा रस्त्यावर चार नंबरला होता. त्याने आपल्या कामगारांसाठी तिथेच वेगळी उपछावणी मिळवली आणि १९४४ च्या शरदात सुमारे अकराशे जणांना आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रुनलिट्झला हलवलं. त्याच्याबद्दल तुम्ही पाहिलंच आहे, म्हणून मी दोन वेगळी नावं सांगतो. युलिउस माद्रित्श हा व्हिएन्नाचा माणूस, छावणीत गणवेश शिवण्याचा कारखाना चालवायचा, आणि शिवणकाम न येणाऱ्यांनाही शिंपी म्हणून घ्यायचा. त्याचा व्यवस्थापक राइमुंड टिट्श याने छावणीचे चोरून फोटो काढले. आज पुस्तकांत, फलकांवर जे फोटो दिसतात त्यातले पुष्कळ त्याचे. आणि गोथचा लघुलेखक मिएतेक पेम्पर हा स्वतः कैदी. युद्धाच्या कामाची नसलेली छावणी बंद होणार हे त्याला गोथच्या कागदांतूनच कळलं. मग उत्पादनाचे तक्ते फुगवून आपण प्वाशुफ ‘युद्धोपयोगी’ दाखवली, असं त्याने नंतर सांगितलं. गोथच्या खटल्यात त्याची साक्ष महत्त्वाची ठरली. गोथला सप्टेंबर १९४४ मध्ये एसएसनेच पकडलं होतं, ते मुख्यतः लुटीचा माल सरकारजमा न करता स्वतः हडप केल्याबद्दल!

आता माळरान. १९४४ च्या उत्तरार्धात कैद्यांनाच सामूहिक खड्डे उकरून प्रेतं बाहेर काढायला आणि जाळायला लावलं. बराकी सुट्या करून नेल्या. शेवटच्या काहीशे लोकांना १४ जानेवारी १९४५ ला पायी ऑशविट्झकडे हाकललं, आणि थोड्याच दिवसांत सोव्हिएत सैन्य क्राकुफमध्ये शिरलं. तुम्हाला नकाशावर दिसतंय ते रिकामपण आपोआप आलेलं नाही, त्यातलं बरंचसं मारणाऱ्यांनी जाताना केलेलं आहे. ऑशविट्झला बराकी आहेत, बुटांचे ढीग आहेत. इथे ते शोधू नका.

इथे एक कबुली. माझ्या पहिल्या वर्षी मी एका गटाला शेजारच्या लिबान खाणीच्या काठावर नेलं आणि खाली दिसणारा थडग्यांच्या दगडांचा रस्ता, गंजलेले कुंपणाचे खांब दाखवून ‘हीच ती छावणी’ म्हणून भरल्या गळ्याने बोललो. गटातल्या दोन बायका रडल्या. बाजूला कुत्रं फिरवणारे एक आजोबा सगळं ऐकत उभे होते. गट पुढे गेल्यावर मला म्हणाले, ‘हे १९९३ च्या सिनेमाचं नेपथ्य आहे, दगड खोटे आहेत.’ त्या रात्री झोप लागली नाही. सिनेमाचा सेट त्या खाणीत उभारला होता आणि त्याचे अवशेष तसेच राहिले. गंमत अशी की खाणीलाही स्वतःचा खरा इतिहास आहे. १९४२ ते १९४४ तिथे तरुण पोलिश कैद्यांची दंडछावणी होती, आणि खोट्या दगडांच्या नादात तिच्याकडे कोणी पाहत नाही. क्राकुस टेकडीवरून खाण छान दिसते. बघा, पण काय बघताय ते ठाऊक असू द्या. सिनेमात गोथचा बंगला छावणीच्या डोक्यावर दिसतो, खरा बंगला हेल्टमाना रस्त्यावर उताराच्या खालच्या अंगाला आहे. तिथे आता लोक राहतात, फाटकात उभं राहून फोटो काढू नका.

खऱ्या जागेवर येरोझोलिमस्का रस्त्याकडून शिरा. सुरुवातीलाच ‘करडं घर’ लागेल, कब्रस्तानाच्या वेळची इमारत. तिच्या तळघरात एसएसचा तुरुंग होता. पुढे अंत्यविधीगृहाचे फोडलेले अवशेष, गवतात झाकलेले विटांचे पाये, माहितीफलक. गवतातून नीट पाहत गेलात तर एकच समाधीशिळा जागेवर उभी दिसेल, १९३२ साली वारलेल्या हाइम याकुब आब्राहामेर यांची. दोन कब्रस्तानांतली हजारो गेली, ही राहिली. मी बोलणं तिथेच थांबवतो. टोकाला १९६४ सालचं मोठं दगडी स्मारक आहे: मान खाली घातलेल्या पाच आकृत्या आणि छातीच्या रेषेत आरपार गेलेली चीर.

क्रम असा ठेवा. आधी घेट्टोचा चौक, जिथे रिकाम्या खुर्च्यांचं स्मारक आहे. मग ल्वोव्स्का रस्त्यावरचा घेट्टोच्या भिंतीचा तुकडा, वरच्या कमानी थडग्याच्या आकाराच्या. मग शक्य असेल तर छावणीपर्यंत चालत. पाऊण तास लागतो. मार्च १९४३ मध्ये ते लोक साधारण याच अंतराने गेले. ऑशविट्झच्या आदल्या दिवशी हे करा. नंतर केलंत तर कोणाच्यात त्राण उरत नाही.

मराठी पाहुणे इथे हमखास कोल्हापूरजवळच्या वळिवड्याचा विषय काढतात. तिथे १९४३ पासून १९४८ पर्यंत पाचेक हजार पोलिश लोक राहिले हे खरं, पण ती सोव्हिएत सरकारने सायबेरिया आणि मध्य आशियात हद्दपार केलेली कुटुंबं होती. प्वाशुफशी त्याचा संबंध नाही. दोन्हींची सांगड घालू नका, दोन्हींवर अन्याय होतो.

राहिला मुलगा. याचं एकच उत्तर नाही. ऑशविट्झ संग्रहालय चौदा वर्षांखालच्या मुलांना आणू नका असंच सुचवतं, आणि माझाही अनुभव तोच. प्वाशुफला मात्र मी अकरा-बारा वर्षांची मुलं नेली आहेत. भिंतीवर टांगलेलं काही नाही, मोकळी हवा आहे, मूल थकलं तर गवतात बसू शकतं. तुमचा मुलगा रात्री दचकून उठणाऱ्यांतला असेल तर १४ मे ची गोष्ट त्याच्यासमोर नको. त्याला पेम्परचे फुगवलेले तक्ते आणि टिट्शचा लपवलेला कॅमेरा सांगा, ते मुलांना बरोबर कळतं. आब्राहामेर यांच्या शिळेवर लोकांनी ठेवलेले खडे दिसतील, ज्यूंची ती रीत आहे. मुलाला ठेवायचा असेल तर खडा शहरातूनच खिशात घेऊन यायला सांगा. त्या मैदानातला उचलू नका, खाली अजून कबरी आहेत.